केसभर पुढे

१९ जानेवारी

ही डायरी स्पेअर पार्टच्या दुकानातून फुकट मिळालेली. प्रत्येक पानाखाली पिस्टन रिंगची जाहिरात आहे. आजवर असल्या डायऱ्यांची पानं फाडून मी डब्यांच्या तळाशी घातली. यंदा लिहायला घेतली, कारण घरात बोलणारी मी एकटीच उरले आहे आणि बाई एकटी बोलायला लागली की लोक वेडी म्हणतात.

लोकांसमोर मी नवऱ्याला 'हे' म्हणते, त्याच्याशी बोलताना 'अहो'. इथे 'तो' म्हणणार. इथे कोण ऐकतंय?

तो मोटार मिस्त्री. गिऱ्हाइकं त्याला कानसेन म्हणायची. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच हा आतून सांगायचा की कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे. त्या कानापायी घरात भांडं वाजायची चोरी होती. लग्न झालं तेव्हा मला गुणगुणायची सवय होती, कामाला हात लागला की तोंडात गाणं. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "ते घासणं बंद कर गं, बेअरिंग गेल्यासारखं वाटतंय." शेडमधली चार माणसं हसली, मीही हसले. त्यानंतर गुणगुणले नाही. पुढे स्वयंपाकघरातल्या रेडिओची वायर त्याने पकडीने कापली, माझ्यासमोर, आणि पकड पुसून जागेवर ठेवली.

घरामागच्या शेडमध्ये त्याची स्वतःची जुनी गाडी आहे. धंदा बंद केल्यावर तिचं इंजिन त्याने पूर्ण खोललं. बोअर करून आणलं, पिस्टन नवे, रिंगा नव्या, सगळं स्वतःच्या हाताने परत बांधलं. फक्त डिस्ट्रिब्युटर बसवून टायमिंग लावायचं राहिलं होतं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारही प्लगांना ठिणगी वाटून देणारी डबी. ती डबी हातात घेऊन तो वाकला आणि तसाच खाली बसला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं आणि कान शाबूत आहेत, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या डाव्या मुठीतून डबी सोडवायला दोन माणसं लागली होती.

आज व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, यांचा जीव त्या गाडीत अडकलाय. तेवढं काम पुरं होऊ दे, मग बघा कसे सुधारतात." म्हटलं, करणार कोण? तर म्हणाल्या, "तुम्ही करा, ते सांगतील." मला हसूच आलं. मुक्याने सांगायचं आणि त्याच्या कामावर नुसता दिवा धरणारीने करायचं.

२२ जानेवारी

केलं सुरू. खुर्ची ढकलत त्याला शेडमध्ये नेलं, बॉनेटशेजारी उभं केलं आणि डाव्या हातात पाना दिला. खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर एक ठोका म्हणजे हो, दोन ठोके म्हणजे नाही. ही युक्तीही त्या बाईंचीच. आमच्यात इतकं सरळ बोलणं आजवर कधी झालं नव्हतं.

मला यातलं काहीच कळत नाही असं नाही. जन्मभर दिवा धरला. दिवा हलला की बोटांवर पाना बसायचा. माझ्याच नव्हे, सगळ्यांच्याच. कुणी हँडल मारून गाडी चालू करायला वाकला की आधी त्याच्या हातावर फटका, "अंगठा कुठंय तुझा?" त्याला मारायला नुसतं निमित्त हवं असायचं.

आज प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. मग समोरून हँडल घालून हळूहळू फिरवत पुलीवरची खूण वर आणायची. हँडलला मी पहिल्यांदाच हात लावला. गोल गोल, जात्यासारखं फिरतं, काही अवघड नाही. पण त्याचे मागून दोन ठोके. मी थांबले. "उलटं फिरवतेय का?" दोन. "जोरात होतंय?" दोन. माझ्या हाताकडे डोळे वटारून बघत होता. "मग मी धरूच नको का ते?" यावर त्याने पानाच मांडीवर टाकला. बायकोच्या हातात हँडल बघवत नाही, दुसरं काय! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

खूण बसली. तेवढं मात्र एका ठोक्यात मान्य केलं.

२५ जानेवारी

फजिती. डबी बसवली, प्लग लावले, सेल्फ मारला आणि कार्बोरेटरमधून असा बार निघाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "वहिनी, कुणी मेलं का?" म्हटलं, अजून नाही.

तो हसला. अर्धंच तोंड हसतं त्याचं, पण हसला. मग पान्याने पहिल्या प्लगचं भोक दाखवलं आणि स्वतःचा डावा अंगठा वर केला. मी लगेच समजले. खूण दर दोन फेऱ्यांत दोनदा वर येते, एकदा खरी, एकदा खोटी. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून हँडल फिरवायचं. आतून हवा अंगठा उडवायला लागली की ती खूण खरी. मी खोटीवर बसवलं होतं. एका बोटाच्या खुणेवरून एवढं सगळं मला कळलं, याचं माझं मलाच नवल वाटलं. त्यालाही वाटलं असावं, कारण एकाऐवजी तीन ठोके दिले. तीनचा अर्थ आमच्यात ठरलेला नाही.

२ फेब्रुवारी

चालू झालं.

सगळं सविस्तर लिहायचं आहे. सकाळी थंडी होती म्हणून मी शाल घेऊन शेडमध्ये गेले. सेल्फ मारला, इंजिन खोकलं आणि धरलं. मग कानाने टायमिंग लावायचं काम. डबीचा बोल्ट जरा सैल ठेवायचा आणि डबी हाताने केसाएवढी इकडेतिकडे फिरवायची. डावीकडे फिरवली की ठिणगी लवकर पडते, त्याला पुढे म्हणतात. उजवीकडे फिरवली की उशिरा, ते मागे. मी फिरवायची, त्याने ऐकायचं. डोळे मिटून बसला होता. दोन ठोके, दोन ठोके, डावीकडे जरा, दोन ठोके, आणखी जरा. एक ठोका.

मी बोल्ट आवळला. इंजिन असं चाललं होतं की वर पाण्याचा पेला ठेवला असता तर थेंब सांडला नसता. इतकी वर्षं गाड्यांचा आवाज म्हणजे मला कटकट वाटायची. आज मला तो ऐकू आला. हे मी केलं होतं, माझ्या हातांनी. मी वाकून बघत होते आणि कधी गुणगुणायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

दोन ठोके.

मी वळून बघितलं. डोळे उघडले होते आणि माझ्यावर रोखलेले. पुन्हा दोन. पुन्हा दोन, जोरात, दांड्यावरचा रंग उडेल असे. नाही. गायचं नाही.

मी गाणं थांबवलं, मागे सरले, इंजिन बंद केलं. तेव्हाच तो शांत झाला. म्हणजे हात गेला, पाय गेला, जीभ गेली, पण माझं तोंड बंद करायची ताकद तेवढी शाबूत आहे. मी त्याला आत आणलं, तोंड पुसलं, भरवलं. शाल धुवायला टाकली. तिचं एक टोक कशात तरी सापडून फाटलंय, दोरे लोंबताहेत. बहुतेक इंजिनाच्या पंख्यात गेलं असेल. चांगली शाल होती.

३ फेब्रुवारी

सकाळी तो झोपलेला असताना शेडमध्ये गेले, बोल्ट सैल केला, डबी केसभर डावीकडे फिरवली, बोल्ट आवळला. हात धुतले.

७ फेब्रुवारी

रोज सकाळी त्याला फिरवायला नेते. शेजारी हात देतात, पुढच्या सीटवर बसवतात आणि पट्टा बांधतात. गाडी मी माहेरीच शिकले होते, पण ही गाडी त्याने मला कधी दिली नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीचा चढ आहे. सपाटीवर काही कळत नाही. चढाला लागून इंजिनावर भार आला की आतून बारीक टरटर सुरू होते, डब्यात खिळे हलवल्यासारखी. ठिणगी वेळेआधी पडते आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर घाव बसतो. याला नॉकिंग म्हणतात. तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, नॉकिंगमध्ये गाडी दामटणारा माणूस आणि खाटीक यांत फरक नाही.

पहिल्या दिवशी त्याने चढावर चटकन मान वळवली, पाना दारावर आपटला. दोन ठोके. मी म्हटलं, "काय हो, ऊन लागतंय का?" दोन. काच वर केली. दोन. "अगंबाई, थंडी वाजते?" काच खाली केली. माझा आवाज इतका गोड होता की मलाच गंमत वाटली. वरपर्यंत नेलं, वळवलं आणि पुन्हा खाली येऊन पुन्हा चढवलं.

आणि गुणगुणले. पूर्ण चढभर.

१२ फेब्रुवारी

शेजारीण म्हणते, "वहिनी, तुमच्यासारखं नवऱ्याचं करणारी मी दुसरी बघितली नाही. रोज नेम चुकत नाही." व्यायामवाल्या बाई म्हणतात, डाव्या हातात जोर वाढलाय. वाढणारच. रोज सकाळी तासभर ठोकत असतो.

खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. भूक चांगली लागते. वाईट वाटेल म्हणून दोन दिवस वाट बघितली, पण वाटलं नाही. त्याला मी उपाशी ठेवत नाही, अंथरूण ओलं राहू देत नाही, पाठीला एक जखम होऊ दिलेली नाही. कोणीही येऊन बघावं. फक्त एक आवाज त्याला ऐकायला लावते. मीही ऐकलंच की जन्मभर, त्याला हवं ते.

१६ फेब्रुवारी

लेक आली होती. तिला वाटलं बाबांबरोबर आपणही फिरून यावं, म्हणून ती मागे बसली. चढावर म्हणाली, "आई, हा कसला गं आवाज येतोय?"

"जुनी गाडी आहे, बाई. कुरकुरणारच."

त्याने पाना असा वाजवला की काच फुटते की काय वाटलं. मान वाकडी करून मागे लेकीकडे बघायची धडपड, तोंडातून लाळ आणि घशातून कसला तरी आवाज. ती घाबरली. "आई, बाबांना त्रास होतोय का? परत फिरव ना." मी म्हटलं, "अगं, त्यांना आता सगळंच खटकतं. तू आलीस की जास्तच करतात." तिने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला गप्प करावं तसं थोपटत राहिली. त्याने बापजन्मात कुणाकडून थोपटून घेतलं नसेल. हळूहळू ठोके थांबले.

जाताना माझ्या गळ्यात पडली. "किती करतेस गं त्यांचं." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एक क्षण वाटलं सांगावं, पण काय सांगणार होते?

२१ फेब्रुवारी

हल्ली चढावर ठोकत नाही. नुसता बसतो. डोळ्यांतून पाणी येतं, पण ते तसंही येतं, एका डोळ्याची पापणी नीट मिटत नाही.

मजा गेली. सकाळी डबी आणखी थोडी पुढे केली.

१ मार्च

पाना काढून घेतला.

घरात ठोकायला लागला होता. गाडीत गप्प आणि घरात टकटक. दुपारी मी जरा आडवी झाले की टकटक. दोन, दोन, दोन. काय नको ते विचारायला गेले की शेडच्या दिशेने पाना. मी म्हटलं, "अहो, गाडी छान आहे. रोज जातो ना आपण?" दोन. शेजारणीचा नवराही म्हणाला की भिंतीतून आवाज येतो. मग काय, निमित्तच मिळालं. व्यायामाचा रबरी चेंडू हातात दिला. तो कितीही आपटला तरी आवाज होत नाही. पकड सोडवताना मात्र मला माझी दोन बोटं मध्ये घालावी लागली. तेव्हा त्याने पाना एकदम सोडून दिला, माझ्या बोटांना लागू नये अशा बेताने. दमला असेल.

घरात इतकी शांतता कधी नव्हती. मी मोठ्याने गायले. गाणी विसरले आहे, एकेका ओळीच्या पुढे काही आठवतच नाही.

४ मार्च

सेल्फ नीट ओढत नाही. मारला की इंजिन अर्धं फिरतं आणि दचकून अडतं, मागून कुणी धरल्यासारखं. दहादा मारावा तेव्हा एकदा लागतं. बॅटरी उतरत चालली आहे. ही गाडी आता माझ्याही जिवावर उठली आहे. पण एक दिवस चुकवायचा नाही. चुकवला तर तो जिंकला.

६ मार्च

लेकीला सांगून लिहून घेत आहे, कारण माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. ती म्हणते, डायरी लिहितेस हे माहीतच नव्हतं. मागची पानं उलटायची नाहीत म्हटलं आहे. ती उलटणार नाही.

काल सकाळी बॅटरी साफ बसली. त्याची खुर्ची शेडच्या दारात उभी केली होती. मी हँडल काढलं. हँडल पाहिल्याबरोबर त्याने चेंडू टाकून दिला. डावा हात पुढे केला आणि मुठीचे काहीतरी चाळे सुरू केले. मूठ उघडायची, चारी बोटं वळायची, अंगठा बोटांच्या बाजूला आणून चिकटवायचा. पुन्हा उघडायची, पुन्हा तेच. मी म्हटलं, "काय? चमचा हवाय का? आत्ता तर खाल्लं." डोळे वटारले. पुन्हा तेच चाळे. तोंडातून अं, अं. मी म्हटलं, "आल्यावर देते." तो खुर्चीतून घसरायला लागला, इतका पुढे वाकला. पट्टा होता म्हणून पडला नाही.

मी हँडल चांगलं गच्च धरलं, मूठ आवळून, आणि जोर लावून वर ओढलं. पुढचं मला नीट आठवत नाही. हँडल उलटं आलं. आधी आवाज झाला, दुखलं नंतर. मी खाली बसले होते आणि हात भलत्याच ठिकाणी वाकला होता.

शेजारीण धावत आली ती त्याच्या आवाजाने. म्हणते, तो ओरडत होता. मुका माणूस ओरडला म्हणून अख्खी गल्ली गोळा झाली.

९ मार्च

डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर कोंबडीचे पाय. लेकीला सांगण्याजोगं नाही.

हाडांचा डॉक्टर म्हातारा आहे. फोटो बघून म्हणाला, "हँडल मारायला गेलात ना? बरीच वर्षं झाली असं मोडलेलं मनगट बघून." मग स्वतःची मूठ वळून दाखवली. "अंगठा दांडीखालून घातला होतात. तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. म्हणजे हँडल उलटं आलं तर हातातून सुटून जातं, हात मोडत नाही. पूर्वी पोराटोरांनाही ठाऊक असायचं हे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

चारी बोटं आणि अंगठा त्यांच्या बाजूला चिकटलेला. डॉक्टरने दोनदा करून दाखवलं.

मी म्हटलं, "नाही."

११ मार्च

लेकीने ठरवून टाकलं. बाबांना आता शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. एका हाताने मी त्याला उचलू शकत नाही, हे खरंच आहे. "तुझं बरं झालं की परत आणू," म्हणाली. डॉक्टर म्हणतात मनगट पूर्वीसारखं होणार नाही. म्हणजे काय ते तिलाही कळतं आणि मलाही.

तिने त्याला विचारलं, "बाबा, जाल ना?" हातात चेंडूच होता. उत्तर द्यायला काही नव्हतं. पाना माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

मी काढून दिला नाही.

१४ मार्च

आज गेला.

सकाळी त्याच्या हाताखालचा जुना माणूस गाडी न्यायला आला. त्याचं आता स्वतःचं गॅरेज आहे. लेकीने गाडी त्यालाच द्यायची ठरवली, ती शेडमध्ये उभी बघून बाबांना त्रास होईल म्हणून. बाबा इथे नसणार, हे तिच्या लक्षात आलं नाही. तो माणूस पायाला हात लावून मिस्त्रींच्या शेजारी उकिडवा बसला, रडला, नाक पुसलं आणि बॉनेट उघडलं.

आपली बॅटरी जोडून सेल्फ मारला आणि चेहरा वाकडा केला. "काकू, टायमिंग किती पुढे गेलंय हे! एवढं पुढे असल्यावर हँडल उलटं मारणारच. हात तुटून पडला नाही हे नशीब." मग खाली वाकून बघितलं. बोल्टच्या आसपास नव्याने पाना लागल्याच्या खुणा असणार. बोल्टवरून बोट फिरवलं. नंतर हळूच म्हणाला, "मिस्त्रींच्या कानाला हे चाललं कसं?"

तो तिथेच होता, खुर्चीत, दोन हातांवर. मी म्हटलं, "कान गेला असेल. वयच झालं आता."

त्या माणसाने मान खाली घातली. बोल्ट सैल केला, डबी उजवीकडे फिरवली आणि कान देऊन थांबला. टरटर गेली. इंजिन पहिल्या दिवशी चालत होतं तसं चालायला लागलं. आत कुठेतरी थोडी खरखर राहिली आहे, पिस्टनला मार बसलाय, असं तो म्हणाला. पण माझ्या कानाला तर ते गोडच लागलं.

मला वाटलं, आता हा डोळे मिटून ऐकेल. याच आवाजासाठी तर सगळं होतं ना. पण त्याने इंजिनाकडे बघितलंही नाही. तो माझ्या प्लास्टरकडे बघत होता. बराच वेळ. मग चेंडू सोडला. चेंडू घरंगळत गाडीखाली गेला. डावा हात वर केला, मूठ उघडली, चारी बोटं वळली आणि अंगठा बोटांच्या बाजूला चिकटवला. माझ्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा उघडली, पुन्हा वळली. या वेळी घाई नव्हती. तो सांगत नव्हता, विचारत होता. मी सांगितलं होतं, ते तुला कळलं होतं का, एवढंच.

त्या दिवशी नव्हतं कळलं. आता कळलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी त्याला पुरलं असतं.

लेक बॅग घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "आई, बाबा काय म्हणताहेत गं?"

"चमचा मागताहेत," मी म्हटलं.

ती आत जाऊन चमचा घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो धरला. गाडी शेडमधून निघाली, गल्लीच्या टोकापर्यंत तिचा आवाज येत राहिला, आणि तो चमचा धरून माझ्याकडे बघत बसला.